बारा कोअरची बस

ता. ६ जानेवारी

चि. बारक्यास आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळं ठीक, म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून. मी सांगते, तुझी आत्या लिहिते. मधे कुठे शहाणपण दिसलं तर ते तिचं. फोनच केला असता, पण तो तुझ्या आजोबांच्या उशाशी, आणि अर्धांगाच्या झटक्यात डावा हात गेला तरी कान शाबूत आहेत.

तू दिलेला तो बस चालवायचा खेळ हे दात घासायच्या आधी लावतात. जन्मभर बस हाकली, आता टेबलाला अडकवलेलं चाक फिरवतात. पण चित्र मधेच थबकतं, मग एकदम पुढे उडी मारतं, आणि तेवढ्यात बस खांबावर. मग कॉम्प्युटरचा उद्धार. ह्यांनी मनाशी पक्कं धरलंय की यंत्र नीट झालं की आपणही नीट, मग आत्याची मोटार बाहेर काढायची. डॉक्टरांनी बंदी घातलीय म्हटलं तर विचारतात, त्याने कधी बस चालवलीय का. शेजारचे म्हणाले, जास्त कोअरवालं यंत्र घ्या. हे कोअर म्हणजे काय रे? खरंच उपयोग असेल तर बघ. माणूस आशेवर बसलाय.

लोभ असू दे, आत्याच्या अक्षराकडे बघून कमी करू नकोस.

तुझी आजी


ता. १५ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

कोअर म्हणजे कॉम्प्युटरच्या डोक्यातली कामाची माणसं समज. पत्र लिहायला, फोटो बघायला, हिशेबाला चार जण रग्गड. खेळातही एकाचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, म्हणून दोन-तीन चपळ हवेत. बाकीचे हाताची घडी घालून उभे. दुकानात मी गिऱ्हाइकांना दिवसभर हेच सांगतो. तरी आजोबांना बारा कोअरचा पाठवतोय. बाबांनी विचारलं, एवढे कशाला, तर मी खोकं बांधायला घेतलं. इतक्या लांबून दुसरं काय करू? चित्र दाखवणारं कार्डही नवं घातलंय, खरा फरक त्यानेच पडेल.

आजोबांना सांग, आता खुशाल हाका. तू रागावत राहा, म्हणजे बरी आहेस असं कळतं.

तुझा बारक्या


ता. २ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

यंत्र आलं. चित्र आता कुठेही अडत नाही, आणि तेच वाईट झालंय. बस अजून आपटते, आणि प्रत्येक वेळी डावीकडेच. आत्याने डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, झटक्यानंतर होतं असं. डोळ्यांना डावीकडचं दिसतं, पण डोक्यात त्याची नोंदच होत नाही. पुढे किती सुधारेल ते त्यांनाही सांगता येत नाही. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ताटातली डावीकडची भाजी रोज तशीच राहायची. मला वाटलं माझ्या हाताची चव गेली, म्हणून मी रुसून बसले होते. दाढीसुद्धा अर्धीच.

पहिले दोन दिवस हे नव्या यंत्रावरही ओरडले. आता ओरडत नाहीत. आपटली की चाकाकडे बघत बसतात. ओरडणारा नवरा मी जन्मभर सोसला. हा गप्प बसलेला मला ओळखीचा नाही. बाळा, त्या बाराचे चार कर. चित्र पहिल्यासारखं अडखळू दे. शिव्या द्यायला ह्यांना काहीतरी राहू दे.

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी ठेव.

तुझी आजी


ता. ११ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर सोडून मागच्या खोलीत जाऊन बसलो. मग इथूनच तुमचं यंत्र जोडून घेतलं आणि खेळाला चारच कोअर ठेवले, आठ बंद. आजोबांना कळू देऊ नका. लोकांची यंत्रं वेगात पळवणारा मी, आज पहिल्यांदा पायात पाय घालतोय. जमलं का, ते लगेच कळव.

तुझा बारक्या


ता. २० फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

नाही जमलं. आठ कोअर बंद केलेस, पण बसला त्याचा पत्ताच नाही. तशीच झुळझुळ चालते. नुसत्या उभ्या माणसांना घरी पाठवून कोणाचं काय अडणार? मी हसले. आत्या मात्र लिहिणं थांबवून नाक पुसत होती. हे वाक्य घालू नको म्हणते, मी घालायला लावलंय.

आणखी काही बंद करू नकोस. ह्यांना कळलंय. परवा आत्याला म्हणाले, यंत्रात काही खोट नाही, पोराने चोख काम केलंय, त्याला कळव. म्हणून कळवते. मोटारीचं नाव काढत नाहीत.

मी डावीकडे स्टूल टाकून बसते आणि खांब आला की सांगते. पण माझं तोंड उघडेपर्यंत तो लागलेला असतो. एरवी हेच तोंड कसं चालतं, ते तुला माहीतच आहे.

कालपासून हे बस थांब्यावर उभी करतात, दार उघडतात आणि निघतच नाहीत. चित्रातली माणसं चढतात, जागा धरतात, बसून राहतात. ह्यांनी जन्मात कधी कोणाला ताटकळत ठेवलं नाही. त्या बसलेल्या माणसांकडे बघवत नाही आणि उठूनही जाववत नाही. मी पडद्याजवळ जाऊन त्यांना उतरा म्हटलं, पण माझं या घरात कोण ऐकतं?

तेव्हा लोभ ठेव आणि एवढं कळव, त्या लोकांना खाली उतरवायचं बटण कोणतं. मला अक्षर कळत नाही, रंग सांग.

तुझी आजी