खिशातला तांदूळ

४ फेब्रु. १९७९, आसगाव
आज मला बंधुमंडळात घेतलं; तिथं सगळे एकमेकांचे भाऊ. मंडळाचे प्रमुख, बांधकाम खात्यातले ओवरसेरजी, त्यांच्या घरी मागच्या खोलीत. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर. खिशातलं सगळं काढायला लावलं, मग ओवरसेरजींनी विचारलं, "दारात मागनारा आला तं काय देशीन?" खिसे चाचपले. काहीच नाही. "हे ध्यानात ठेवजो." पट्टी सुटली तर समोर गवंड्याचा ओळंबा टांगलेला. "भिंत असो का मानूस, याच्यापुढं वाकडं लपत नाही." अंगावर काटा आला. खरंच आला.
पण मी गेलो कुंदासाठी. ओवरसेरजींची मुलगी. चहा ठेवून गेली, बघितलंही नाही. रागाच्या भरात मी कॉलेज सोडलं तेव्हापासून बघतच नाही.

११ फेब्रु.
कुंदाचं जमलं. सुदाम मास्तराशी. त्यालाही मंडळात घ्यायचंय, पुढल्या रविवारी मत.
रीत: प्रत्येकाच्या मुठीत एक तांदूळ म्हणजे हो, एक उडीद म्हणजे नाही. गाडग्यात हात घालून एकच सोडायचा. उरलेला घरी जाताना पाखरांना. एक जरी उडीद निघाला तरी माणूस परत. कोणी टाकला, विचारायचं नाही, सांगायचं नाही. ओवरसेरजी म्हणाले, "विचारनारं कोनी नाही, म्हनून सोताले विचाराचं. रागाचा दाना टाकाचा नाही." शपथ घेतली सगळ्यांनी. मीही.

१८ फेब्रु.
टाकला.
ओवरसेरजींनी गाडगं उलटं केलं, तांदळातून तो एक उडीद वेचून हातावर घेतला. सुदाम ओसरीवर बसला होता, नवा सदरा घालून.
घरी दोन घास जास्तच जेवलो.

२३ फेब्रु.
लग्न मोडलं. एवढं धरलं नव्हतं मी. तोंड उतरेल सुदामचं, बस, एवढंच. ओवरसेरजी म्हणे, "माह्या भावांपैकी कोनाले तरी याचं काही माहीत हाये. उगाच उडीद पडत नाही. पोरगी कशी देऊ?"
पानठेल्यावर सुदामबद्दल रोज नवं. दारू पितो. पहिली बायको आहे. मी म्हणालो, "पाह्यलं काय गा तुमी?" ठेल्यावरचा नामदेव हसला, "तुले काहून झोंबून राहिलं? तुह्या मनासारखंच झालं न!" कॉलर धरली त्याची.

१ मार्च
कुंदा विहिरीवर, एकटी. किती महिन्यांनी बोलली. "मधू, तू होता न तिथं. कोनं टाकला? त्याले काय माहीत हाये, तेवढं सांग. खरं असन तं मी गप बसीन."
म्हणालो, शपथ आहे.
"बाबाही तेच म्हनते." घागर न भरताच गेली.

३ मार्च
सुदामनं शाळा सोडली. बाया पोरी पाठवत नव्हत्या म्हणे. मी कॉलेज सोडलं माझ्या रागानं. त्यानं नोकरी सोडली, तीही माझ्याच रागानं.

४ मार्च
तीनला सभा. सगळ्यात नवा भाऊ, म्हणून ओळंबा टांगायचं काम माझं. सकाळी गेलो. ओवरसेरजी एकटेच, दाढी वाढलेली. "हालून राहिला गा. ओळंबा थांबू दे." थांबेना. शेवटी त्यांनीच तो धरून स्थिर केला. म्हणाले, "तू तरी सरळ पोरगा हायेस."
सांगितलं तर शपथ मोडते. पण ती तर त्याच दिवशी, दाणा सोडला तेव्हाच...
त्या दिवशीचा तांदूळ पाखरांना टाकलाच नाही. सदऱ्याच्या खिशात आहे अजून. सदरा धुतला, तरी दाणा शिवणीत अडकून राहिला.
चहा कुंदाच आणेल. तिच्यासमोर खिसा उलटा केला तर न सांगताच कळेल, उडीद कोणाच्या हातून पडला...
पावणेतीन. तोच सदरा घातलाय.