हिरव्या किनारीचं ठिगळ

लिंबायत, सुरत
११ जानेवारी १९९७

प्रिय हिलाल,

तुझं छापील आमंत्रण पोचलं. गरम हवेच्या फुग्याचं रंगीत चित्र, वर मोठ्या अक्षरात 'उत्तरायणाला सुरत आकाशातून बघा, सहकुटुंब या', आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'इजा झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत'. मागच्या रविवारपर्यंत ही ओळ तुझ्या कागदावर नव्हती. म्हणजे कलाबाईच्या मोडलेल्या पायातून तू एवढंच शिकलास, की छापखान्यात जाऊन एक ओळ वाढवायची.

मंगळवारी, संक्रांतीच्या पतंगांत, तू तो फुगा वर नेणार आहेस. दिवसभर, खेपेवर खेप. मला हसू येतं आणि मग हसू राहत नाही. अरे, सत्तावीस वर्षं झाली आपल्याला या गावात. उत्तरायणाला सुरतेच्या हवेत काच असते हे तुला मी सांगायचं? त्या दिवशी रिक्षावाले गळ्याला मफलर गुंडाळून निघतात, पाखरं तारांवर लटकलेली सापडतात, आणि तू माणसांनी भरलेली टोपली जमिनीला बांधलेल्या तीन नायलॉनच्या दोरांवर त्या मांज्याच्या जाळ्यात उभी करणार. मांजा दोरावर घासला की पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा बारीक आवाज येतो. तो मला ऐकू येईल. तुला येणार नाही, कारण तुझ्या हातात भोंगा असेल.

भोंग्यावरून आठवलं. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं नवागाम रातोरात रिकामं होत होतं, तेव्हा तू स्वतःचा टेम्पो काढलास आणि कोणाकडून काही न घेता नंदुरबारपर्यंत चार खेपा मारल्यास. टेम्पो गच्च भरला तरी फळी उघडी ठेवून तू ओरडत होतास, "आखो एक मावस, आखो एक मावस." तुझ्या त्या 'अजून एक मावतो'नं माझी लेक सरला आणि तिची आई गावाला पोचल्या. मी ते विसरलेलो नाही. म्हणून तर रविवारी डुमस रस्त्याच्या मैदानावर तेच शब्द तुझ्या भोंग्यातून ऐकले तेव्हा मी टोपलीतली डोकी मोजली. टोपली चौघांची. आत तुझा चेतन भट्टीपाशी, मी, सरला, कलाबाई, ते अडाजणचं जोडपं मिळून सहा झाले होते, आणि तू सातव्याला हात देऊन चढवत होतास. तेव्हा ती दया होती, हिलाल. आता ते काय आहे, तू सांग.

ज्यानं तुला तो जुना फुगा विकला, त्यानं काय बजावलं होतं ते तूच मला जेवताना सांगितलं होतंस. सूर्य उगवताना उडवायचा, वारा उठायच्या आत गुंडाळून ठेवायचा. पण सूर्य उगवताना सुरतेची माणसं झोपलेली असतात, म्हणून तू अकरा वाजता उडवतोस, जेव्हा समुद्रावरून वारा सुटलेला असतो. चेतनला भट्टी शिकायला दहा दिवस दिलेस. आमच्या कारखान्यात मागासाठी सुताची कांडी भरायला नवी बाई आली तर तिलाही महिनाभर कोणी एकटी सोडत नाही. आणि परवाना विचारला तर तू जत्रेतल्या पाळण्याचा कागद पुढे केलास आणि वर डोळा मारलास. तेव्हा मीही हसलो होतो. ते हसणं मला आता परत घ्यावंसं वाटतं.

तुझ्या त्या भोंग्यातून तू रविवारी जे सांगितलंस, ते मी समोर उभा राहून ऐकलं. "बाई घाबरली आणि तिनं उडी मारली." लोकांनी मान डोलावली. खेड्यातली बाई, घाबरली असेल. हिलाल, मी तिच्या शेजारी होतो. तिनं टोपलीची कड दोन्ही हातांनी धरली होती, इतकी घट्ट, की खाली आल्यावर तिच्या तळव्यात वेताचे वळ उठले होते. फुगा बसला, टोपली आडवी झाली, आम्ही सगळे ढेकळांतून फरफटत गेलो आणि तिचा पाय टोपलीखाली आला. ती ओरडत होती, "मना पाय मोडना व माय." उडी मारलेली बाई टोपलीखाली कशी सापडते? सोळा वर्षं ती माझ्या कारखान्यात कांड्या भरते. त्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, चल, तूही एकदा वरून बघ सुरत. तू तिला साडी आणि घारीच्या मिठाईचा डबा पाठवलास. घारी तिनं दवाखान्यातल्या बायांना वाटली. साडी तशीच आहे.

आता तू विचारशील, बन्सी, एवढं होतं तर त्याच वेळी का नाही बोललास? बरोबर विचारशील. मैदानावर तुझ्याजवळ भोंगा होता, पण तोंड मलाही होतं.

तुला आपली खाट आठवते? नवागामची ती खोली, एक खाट आणि दोन पाळ्या. तू दिवसपाळीहून यायचास तेव्हा मी उठायचो, आणि अंथरूण गरम असायचं. त्या खोलीत पडून मी एक गोष्ट शिकलो. डोळे मिटलेले असतानाही कोणता माग बंद पडला ते मला भिंतीपलीकडून कळायचं. मालक म्हणायचे, याचे कान विकत घ्या. त्या कानांवर मी चोवीस माग उभे केले. आणि त्याच कानांनी रविवारी, फुगा जमिनीवर असतानाच, अगदी वर टोकाशी टक् ऐकलं. मग थांबून पुन्हा टक्. ताणलेल्या कापडाचा एकेक दोरा सुटतो तेव्हा असा आवाज येतो. मी टोपलीतून एक पाय बाहेर काढलासुद्धा. तू भोंग्यातून म्हणालास, "बघा, बन्सीशेठ घाबरले, यांना खालीच राहू द्या." लोक हसले. सरला हसली. मी पाय आत घेतला.

त्याच्यापुढचं तुला ठाऊक नाही. खाली आल्यावर तुम्ही सगळे कलाबाईला उचलत होतात, तेव्हा मी पसरलेल्या फुग्याच्या टोकाशी गेलो. तिथे शिवलेलं काळं ठिगळ मधोमध सरळ फाटलं होतं, पट्टीनं आखल्यासारखं. त्याच्या किनारीत दोन हिरवे दोरे होते. हिलाल, सुरतेत किनारीत दोन हिरवे दोरे कोण टाकतो? सात नंबरच्या मागावर मीच टाकतो, माल ओळखता यावा म्हणून, आणि ते सुती असल्यानं पॉलिस्टरचा काळा रंग त्यांना चढत नाही. दिवाळीआधी तू माझ्याकडून मांडवाच्या छतासाठी सेकंडचा, खोट असलेला तागा मागून नेलास. तो तागा विणला त्या दिवशी वीज सात वेळा गेली होती. वीज गेली की माग थांबतो, पुन्हा सुरू होताना दोरे सैल बसतात आणि कापडात एक बारीक रेघ राहते. त्या ताग्यात सात रेघा होत्या, आणि ठिगळ फाटलं ते अशाच एका रेघेवर. आपण काय करतो अशा मालाचं? काळ्या रंगात बुडवतो, रेघ दिसेनाशी होते, साडी खपते, कोणाचं काही जात नाही. तूही तेच केलंस. आयुष्यभर जे बघितलं तेच केलंस. पण साडीच्या खाली बाई असते, भट्टी नसते. इस्त्री जरा जास्त तापली तर पॉलिस्टर गोळा होतं हे घराघरात माहीत आहे, आणि तू ते आगीच्या डोक्यावर शिवलंस. मांडवासाठी म्हणून माझ्याशी खोटं बोललास, कारण खरं सांगितलं असतंस तर मी दिलं नसतं हे तुला पक्कं माहीत होतं.

तरी पाच दिवस मी गप्प होतो. माझं नाव निघेल म्हणून. तू उडीची गोष्ट सांगत राहिलास, मी ती खोडली नाही. काल दवाखान्यात गेलो आणि कलाबाईला सगळं सांगितलं, किनारीपासून टक् टक् पर्यंत. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "शेठ, तुमले तवयच ऐकू उनं व्हतं ना?"

हो, मला तेव्हाच ऐकू आलं होतं. म्हणून हे पत्र. आज दुपारी तू मंडपाच्या कामाला गेला असताना मी नवागामच्या तुझ्या गोदामात गेलो होतो. फाटलेल्या जागी तू त्याच ताग्याचा दुसरा तुकडा लावलेला पाहिला, तेच दोन हिरवे दोरे. मी ताग्याची मोठी कात्री सोबत नेली होती. तुझ्या फुग्याचा एक अख्खा पट्टा, टोकापासून तोंडापर्यंत, आता माझ्या कारखान्यात आहे. मंगळवारपर्यंत तो कोणालाही जोडता येणार नाही. सोमवारी मी पोलिसांत जाऊन कलाबाईचे हात कुठे होते ते सांगणार आहे, आणि कापड कोणाचं होतं तेही. तुलाही माझ्याविरुद्ध लिहून द्यायचं असेल तर जरूर दे. फक्त नावं दोन लिही. दोघांनी ताणून धरल्याशिवाय एवढं कापड सरळ कापलं जात नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. कुलूप चेतननं उघडलं. दुसरं टोकही त्यानंच धरलं, शेवटपर्यंत. निघताना म्हणाला, "काका, बाबांना सांगाल तेव्हा मीही होतो म्हणून सांगा. मला एकट्याला सांगवत नाही."

तुझ्या अर्ध्या खाटेचा धनी,
तुझाच
बन्सीलाल