सुपडू तोताराम बोरसे हे दोन असल्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव (प्रवेश व पात्रता),
पांझरा-गिरणा विद्यापीठ, धुळे.

अर्जदार : सुपडू तोताराम बोरसे, वय ४७, वजनकाट्यावरील कारकून, रा. नरडाणा, ता. शिंदखेडा, जि. धुळे.

विषय : एम.एस्सी. गणित, प्रथम वर्ष, या वर्गास प्रवेश मिळणेबाबत. तसेच न मागता दिलेले एक्केचाळीस टक्के गुण परत घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा ऑनलाइन अर्ज, दि. २८ जुलै २०२५.
२) त्यावर चार सेकंदांत आलेला आपला लाल अक्षरांतील संदेश : 'अर्जदार आधीपासूनच अस्तित्वात आहे.'
३) टेबल क्रमांक तीन येथे मारलेल्या पाच फेऱ्या.

महोदय,

१. संदर्भ क्र. २ मधील विधानाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मी सन १९७८ पासून अस्तित्वात आहे. मात्र हे प्रवेश नाकारण्याचे कारण कसे होऊ शकते, एवढे विचारण्यासाठी मी आपल्या कार्यालयात आलो. तेथे असे कळले की, विद्यापीठाच्या नोंदीनुसार मी सन २००० मध्येच एम.एस्सी. गणिताचे प्रथम वर्ष एक्केचाळीस टक्क्यांनी उत्तीर्ण झालेलो आहे. त्या सबंध वर्षात मी नरडाण्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचे वजन करत होतो. ते करता करता मी एम.एस्सी.लाही बसलो हे ऐकून मला माझे कौतुक वाटले, पण ते फार वेळ टिकले नाही.

२. वस्तुस्थिती अशी की, उत्तीर्ण झालेले सुपडू तोताराम बोरसे हे माझ्याच गावचे, माझ्याच वर्गातले आणि माझ्याच बाकावरचे दुसरे गृहस्थ आहेत. आमच्याकडे ज्या घरात आधीची मुले जगली नाहीत, तेथे पुढच्या मुलाला जन्मल्याबरोबर सुपात घालतात व त्याचे नाव सुपडू ठेवतात. म्हणजे यमाला वाटावे, हा पाखडून टाकलेला माल आहे. युक्ती बऱ्यापैकी चालते. आम्ही दोघेही हयात आहोत. भडगाव तालुक्यातील गिरणाकाठच्या आमच्या गावात त्या काळी सुपडू सात होते, तोताराम चार होते, आणि बोरसे तर बठ्ठे म्हणजे सबंध गाव. शाळेत नाव घालताना झुलाल गुरुजींनी कोणाच्याही आईला "पोरगा कधीचा?" असे विचारून अडचणीत आणले नाही. वर्गातल्या छत्तीसच्या छत्तीस मुलांचा जन्म त्यांनी १ जून १९७८ रोजी करून टाकला. त्यामुळे नाव, वडील, आडनाव, गाव आणि जन्मतारीख हे पाचही रकाने आम्हा दोघांचे तंतोतंत जुळतात. फरक फक्त आयांच्या नावात आहे. माझी गुंताबाई, त्याची लताबाई. परंतु त्या काळच्या आपल्या नोंदीत आईसाठी रकानाच नव्हता. यमाला चकवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेत पुढे विद्यापीठ सापडेल, हे त्या दोघींच्या ध्यानात आले नसावे.

३. टेबल तीनचे जितेंद्रभाऊ हे मनाने चांगले आहेत. त्यांनी खुर्ची पुढे ओढून मला हळू आवाजात मार्ग सुचवला. "नाना, फुकटचं एक वर्ष भेटून राहिलं. घेऊन टाका ना! डायरेक्ट सेकंड इयर. लोक यासाठी काय काय करता." मी नकार दिला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. असा नकार त्यांच्या टेबलावर बहुधा पहिल्यांदाच आला असावा.

४. नकाराचे कारण सविस्तर नमूद करतो. सन १९९९ मध्ये भडगावला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी फळ्यावर एक प्रमेय लिहिले. कोणतेही बहुपदी समीकरण घ्या, कितीही लांबलचक घ्या. संमिश्र संख्यांत त्याला निदान एक तरी उत्तर असतेच. मी हात वर करून विचारले, "सर, का असतं?" सर म्हणाले, "बोरसे, आत्ता मानून चाला. सिद्धता एम.एस्सी.ला आहे, पहिल्या वर्षाला." त्यानंतर मला नोकरी लागली, लग्न झाले, मुलगी डिंपल झाली, ती इंजिनिअर होऊन पुण्यास गेली. मी अद्याप मानूनच चालत आहे. सव्वीस वर्षे झाली. ती सिद्धता पहिल्या वर्षाला आहे आणि आपण मला उचलून दुसऱ्या वर्षात बसवत आहात. धुळ्याला उतरणाऱ्या माणसाला चाळीसगावपर्यंत फुकट नेण्यातला हा प्रकार आहे.

ही सिद्धता मोबाईलवर पाहून घ्यावी, असेही मला सुचवण्यात आले. पाहिली. बारा मिनिटांची आहे. सातव्या मिनिटाला त्यातला तरुण "हे तर उघडच आहे" म्हणाला आणि पुढे निघून गेला. मला नेमके तेच उघड नव्हते. मोबाईलपुढे हात वर करून उपयोग होत नाही, हे मी करून पाहिलेले आहे. घरच्यांनीही पाहिलेले आहे.

५. 'आपण म्हणजे ते नव्हे' असा पुरावा आणावा, या तोंडी आदेशानुसार मी सेतू केंद्रात गेलो. तेथे दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याच्या प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना तयार असतो. एक नाव दोन व्यक्तींचे असल्याचा नमुना नाही. केंद्रातील बाई म्हणाल्या, "असं कोणी मागत नाही, दादा. तुम्ही दोघं एकच आहात असं हवं असलं तर पाच मिनिटांत देते." मी आभार मानून बाहेर पडलो.

६. सबब बुधवार, दि. ६ ऑगस्ट रोजी मी पुरावाच सोबत घेऊन आलो. दुसऱ्या सुपडूचे भडगावला ट्रॅक्टरचे गॅरेज आहे. ते बंद ठेवून तो आला. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे व त्याला मिशा आहेत, मला नाहीत. जितेंद्रभाऊंनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले. म्हणाले, "दिसून तर दोन राहिले. पण सिस्टीममध्ये एकच आहे. तुम्ही आता सिस्टीम म्हणते ते मानून चाला."

आपले गुण मला का वाटले जात आहेत, म्हणून यावर दुसरा सुपडू उसळला. "ओ भाऊ, मना एक्केचाळीस टक्का मना घामना शेतस. याले कसाले वाटी ऱ्हायनात?"

"दादा, तुम्ही मध्ये बोलू नका. अर्जदार हे आहेत."

"मंग मी कोन शे?"

"तेच तर सिद्ध करून आणा म्हणतो मी!"

म्हणून मी तेथेच, त्यांच्या टेबलावरील एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर सिद्ध करून दिले. समजा, आम्ही दोघे एकच आहोत. तर त्या एकाच व्यक्तीला एकाच वेळी मिशा आहेत आणि नाहीत. हे अशक्य आहे. म्हणून आम्ही दोन आहोत. हेच सिद्ध करायचे होते. जितेंद्रभाऊंनी ते दोनदा वाचले व सिद्धता बरोबर असल्याचे मान्य केले. फक्त ती स्टॅम्प पेपरवर नसल्याने आवक नोंदवहीत घेता येणार नाही, असे सांगितले. महोदय, मानून चालण्याची माझी तयारी एका प्रमेयापुरती होती. ती तेव्हाच संपली. आपल्या सिस्टीमसाठी माझ्याकडे काही शिल्लक नाही.

७. येथवर हा माझा घरचा प्रश्न होता. जिना उतरताना तो तसा राहिला नाही. गणित विभागाच्या फलकावर सूचना लावलेली आहे : प्रथम वर्षास १४ ऑगस्टपर्यंत किमान पाच विद्यार्थी न झाल्यास वर्ग बंद करण्यात येईल. प्रवेश झालेले चार आहेत. त्या फलकाखाली दिपमाला चौरे ही मुलगी उभी होती. ती पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरची आहे. वर्ग बंद झाला तर तिची वसतिगृहातली खाट जाईल आणि ती घरी परत जाईल. तिने विचारले, "काका, तुम्ही पाचवे ना?"

मी म्हणालो, "आहे की नाही, ते वर टेबल तीनवर ठरतंय."

ती म्हणाली, "पण तुम्ही तर इथं उभे आहात."

या मुलीला गणितात अजून काय काय येते, मला ठाऊक नाही. पण तिला पाचपर्यंत मोजता येते. आपल्या कार्यालयाचा हिशेब चारच्या पुढे सरकत नाही.

८. हे सर्व दुसऱ्या सुपडूने शेजारी उभे राहून ऐकले. मग आम्ही बसस्टँडवर आलो. भडगावची गाडी लागल्यावर पायरीवर पाय ठेवून म्हणाला, "कंप्युटरले एकच सुपडू दिसस ना? मंग दोन्हीबी बसूत. देखू कोनले उठाडतस." मी त्याला त्याच्या एक्केचाळीस टक्क्यांची आठवण करून दिली. तो म्हणाला, "त्यामातला एक टक्काबी आते ध्यानमा नही. पहिलापाइन सुरू करूत." सबब त्याचाही प्रथम वर्षाचा अर्ज यासोबत जोडला आहे. पाचही रकाने जसेच्या तसे आहेत. आपल्या संगणकास नवीन काही शिकावे लागणार नाही.

९. आता आपण निर्णय घ्यावा. आम्ही दोघे एकच आहोत असे आपले म्हणणे कायम असेल, तर चार आणि एक पाच होतात. आम्ही दोन आहोत हे आपण मान्य केले, तर सहा होतात. तिसरा प्रकार संभवत नाही. दोन्ही प्रकारांत वर्ग चालवावा लागतो. आम्हा दोघांनाही नाकारायचे असल्यास 'अर्जदार आधीपासूनच अस्तित्वात आहे' हे विधान विद्यापीठाने लेखी मागे घ्यावे आणि मी नसल्याचे मला समक्ष कळवावे. मी घरीच असतो.

१०. जिनिंगमधील माझी पाळी मी संध्याकाळची करून घेतली आहे. सोमवार, दि. १८ ऑगस्ट रोजी सकाळी साडेदहा वाजता आम्ही दोघे गणित विभागाच्या वर्गात पहिल्या बाकावर वह्या घेऊन बसलेले असू. आदेश निघालेला असो वा नसो. एवढे एक तूर्त कार्यालयाने मानून चालावे. सिद्धता सोमवारी.

आपला नम्र, पण बाक न सोडणारा,
सुपडू तोताराम बोरसे
(बिनमिशांचा)

वरील मजकूर वाचला, कबूल आहे :
सुपडू तोताराम बोरसे
(मिशांचा)

नरडाणा, दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) बी.एस्सी. गुणपत्रके, दोन. बैठक क्रमांक लागोपाठचे आहेत, कृपया पाहावेत.
२) दुसऱ्या सुपडूचा प्रवेश अर्ज.
३) दोघांचा एकत्र फोटो, मिशा स्पष्ट दिसतील असा.
४) झुलाल गुरुजी, वय ९१, यांचे स्वहस्ते पत्र : 'तारीख मीच घातली. पोरे वेगवेगळी होती.'
५) जुने पाकीट, पाठीवर सिद्धता. आता स्टॅम्प पेपरवर चिकटवलेले.

प्रत माहितीसाठी : कु. दिपमाला चौरे, गणित विभागाच्या फलकाखाली.