दोन सारख्या बशा

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, छोटीला गोड पापा.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस. "आता मी ठणठणीत आहे," म्हणत तू मेंदूच्या आजाराच्या गोळ्या बंद केल्यास म्हणे.

आमच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी बशीत वाढवतात. एका बशीत आम्ही आठवडाभर तुझंच औषध घातलं, दुसरीत नाही. दोन्ही सारख्याच दिसायच्या. मॅडमनी खुणा झाकून विचारलं, "जास्त तगडी कुठली?" मी नेमकी बिनऔषधाची दाखवली. मग दोन्हींत पेशींना ताण देणारं रसायन सोडलं. सकाळी औषधातल्या बऱ्याच पेशी तगल्या होत्या. मी दाखवलेल्या बशीत नुसता गाळ उरला होता.

मॅडम म्हणतात, बशी म्हणजे माणूस नव्हे. कळतं रे मला. पण वहिनीचा फोन आल्यापासून मला तीच बशी दिसते.

आजच डॉक्टरांकडे जा. तुझ्या मनाने काही ठरवू नकोस.

ती बशी मी फेकली आणि कपाटातून दुसरी काढली. दुसरा दादा कुठल्या कपाटातून काढू?

तुझीच,
ठमी