उतारावरचा निरोप

आबा, हे मी बोलतेय आणि नातीचा फोन लिहितोय. मला अक्षर कळत नाही, आणि त्यात बाप असून तुमचाच हात आहे, शाळेची वेळ झाली की तुम्ही डेअरीच्या जीपचं दार उघडून म्हणायचात, "चल गं, औंधापतूर जाऊन येऊ." मी कशाला नाही म्हणतेय. नात चहा ठेवायला आत गेली आहे, तोवर सांगून घेते.

चढाला तुम्ही म्हणायचात, "पायाखाली अंडं हाय समजायचं. फुटलं की डिझेल गेलं." आणि माथ्यावर पोचलो की किल्ली फिरवून इंजिनच बंद. मग खालच्या ओढ्यापर्यंत नुसता वारा. त्या शांततेत तुम्ही एकदा खाकरता, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी डॅशबोर्डवर दोनदा थाप मारता, आणि मला वाटतं आपण तरंगतोय. हे आईला कळलं तवा ती भाकरी उलटता उलटता मला म्हणाली, "माझं न्हाई ऐकायचे. तुझं ऐकतील. सांग त्यास्नी, उतारावर गाडी बंद करू नगा म्हणावं." पुढच्याच आठवड्यात, मी तापानं घरी पडले होते त्या दिवशी, बंद जीपचे ब्रेक लागले नाहीत, आणि तुम्ही परत आलाच नाहीत.

आता नात साताऱ्याला नोकरीला आहे, तिनं नवी गाडी घेतली. गिअरपाशी एक गोल खटका आहे. तो इकोवर ठेवला की पाय दाबला तरी गाडी सबुरीनं उचलते, एसीही मंद होतो, पेट्रोल कमी लागतं. स्पोर्टवर ठेवला की पाय टेकायच्या आत उसळते, पण पितेही तशीच. मी म्हटलं, "म्हंजे इको तुझी आई आन् स्पोर्ट तुझा बाप."

"पप्पांना सांगू का, आजी?"

"सांग की. मीच जल्माला घातलाय त्याला."

मागच्या मंगळवारी तुमच्याच रस्त्यानं औंधाच्या यमाईला निघालो. चढावर पुढं उसाची ट्रॉली. तिनं खटका स्पोर्टवर फिरवला, काट्यांमागचा उजेड लाल झालेला मी बघितला. "आजी, धरून बस." ट्रॉलीला मागं टाकायला बाजू काढून तिनं पाय दाबला, आणि गाडी उसळलीच नाही, विचार करत बसली. उजेड हिरवा, इकोचा. ती चिडून परत ट्रॉलीच्या मागं आली, तेवढ्यात वळणावरनं एसटी आली आणि आमच्या आरशाला घासावी इतक्या जवळून गेली. नातीनं खटक्याकडं बघितलं.

"खटका तू फिरवलास?"

"व्हय. हात लागला माझा."

"बरं झालं लागला."

माझे दोन्ही हात मांडीवरच्या ओटीच्या ताटाला होते, आबा. आणि डॅशबोर्डवर दोन थापा मी ऐकल्या होत्या.

येताना तिनं इकोवरच ठेवली. माथा ओलांडला आणि इंजिनाचा आवाज गेला. नुसता वारा. ओढ्यापर्यंत नाही, चार-दोन श्वासांपुरता. मग आवाज परत आला. नात म्हणाली, इकोत आवाज कमीच येतो. येत असेल बाई. पण मग मागच्या सीटवर खाकरलं कोण?

चढावर तुम्ही जे केलंत त्याला मी हात जोडते. पण मला तुमची सवय ठाऊक आहे, तुमचं चढावर भागत नाही. ही पोर दर शनिवारी त्याच रस्त्यानं एकटी घरी येते. आईचा निरोप मी तुम्हाला दिला नव्हता, आबा. विसरले नव्हते. ती शांतता मला लय आवडायची, सांगितलं असतं तर ती गेली असती. मंगळवारीसुद्धा आवडली, म्हणून पोरीला काही बोलले नाही.

कपबशा वाजल्या, ती येतेय. वाचायच्या आत तिला हे सगळं पुसायला लावीन. त्याआधी ऐकून घ्या, उशिरानं का होईना. उतारावर गाडी बंद करू नका.