न वाजणारा पंखा

अण्णा, त्या दिवशी मागून वाजलेला हॉर्न तुम्हाला ऐकू आला होता का? अकरा वर्षं मी हा प्रश्न बाळगून आहे. मधल्या काळात कान तपासायचं शिक्षण घेतलं, आपल्या घरातली पहिली पदवी भिंतीवर लागली, आणि तरी मला याचं उत्तर देता येत नाही. ट्रक मागं घेणारा डायवर रडत रडत सांगत होता की त्यानं दोनदा हॉर्न दिला. तुम्ही आपल्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानासमोरच्या हौदावर वाकला होता, रस्त्याकडं पाठ करून, हातात कुणाच्या तरी गाडीचा रेडिएटर. तुम्ही वळला नाहीत. हायवेच्या कडेला दिवसभर हॉर्नच वाजत असतात, त्यातला आपल्यासाठीचा कुठला हे कुणाला कळणार, असं लोक म्हणाले, आणि तेही खरं असेल. मी तेव्हा तुळजापूरच्या कॉलेजात होते. तुम्हीच सकाळी बसमध्ये बसवून दिलं होतं. आज हे लिहायला बसले ते तुमच्याकडं एक परवानगी मागायची म्हणून. ती शेवटी मागते. गाडी कुठं तापली, घाटात की सपाटीला, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय तुम्ही बॉनेटला हात लावत नव्हता, म्हणून मीही आधी सगळं सांगते.

मी तिसरीत असतानाची एक दुपार आठवते. कामाला आलेल्या एका रेडिएटरच्या जाळीवरून मी नख फिरवत बसले होते. टर्रर्र असा आवाज यायचा, तो मला फार आवडायचा. कागदासारख्या पातळ पात्या, शेकड्यानं, एकमेकींना लागून उभ्या. माझ्या नखाखाली त्या आडव्या होत गेल्या. तुम्ही मारलं नाहीत. करवतीचं घासून पातळ केलेलं एक पातं माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "जेवढ्या वाकवल्यास तेवढ्या उभ्या कर. ह्यातनं हवा जाती, तिला वाट पायजे." दिवेलागणीपर्यंत मी एकेक पाती सरळ करत होते. ते पातं तुम्ही परत मागितलं नाहीत. ते माझ्या कंपासपेटीत राहिलं, मग होस्टेलच्या पेटीत, आता माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे.

दुसरी दुपार दहावीच्या सुट्टीतली. मी तुमचा डबा घेऊन आले होते. रेडिएटरची तोंडं रबरानं बंद करून तुम्ही आत हवा भरली होती. पूर्वी तुम्ही हौदात बुडवायच्या आधीच कान लावून गळती सांगायचा. पाण्यातले बुडबुडे फक्त खात्रीसाठी. त्या दिवशी मला दारातून फुस्स असं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि तुम्ही ओली बोटं फिरवत शोधत होता. मी म्हणाले, अण्णा, खाली, उजव्या कोपऱ्यात. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग त्या कोपऱ्याकडं, आणि ओलं बोट तिथं टेकवलंत. डाख लावून भोक बुजवल्यावर, डबा उघडता उघडता म्हणालात, "हे कुठं बोलू नको. डायवर लोकांला कळलं, ह्याला गळती ऐकू येत न्हाय, तर गाडी पुढच्या गॅरेजला जाती." मी मान डोलावली. त्यानंतर दर रविवारी मी दुकानात पुस्तक घेऊन बसायचे आणि गळती जिथं असेल तिकडं नुसतं बोट दाखवायचे. दादाला वाटायचं, मी घरकाम चुकवते. खरं सांगते, मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. तुमचे कान होण्यात मला मोठेपणा वाटायचा. घरी आई चुलीपासून हाका मारून दमायची, भिताडाशी बोलतीय का मी, असं म्हणायची. तुम्ही ताटात बघत राहायचा आणि मी भाकरी मोडत गप्प. कारण मला माहीत होतं आणि आईला नव्हतं, याचासुद्धा मला मोठेपणा वाटायचा.

आता मी आठवड्यातून तीन दिवस नळदुर्गात एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कान तपासते. गॅरेजवाले, ढाब्यावरचे, खडी फोडायच्या यंत्रावर काम करणारे, दिवसभर आवाजात राहणाऱ्या सगळ्यांचे कान वेळेत तपासायचे, असं मी कॉलेजातच ठरवलं होतं. मी आले की रांग लागेल असं वाटलं होतं. पहिल्या महिन्यात दोघं आले, त्यातला एक पत्ता विचारायला. खोलीच्या भिंतींना मी गोधड्या लावल्या आहेत. माणसाला खुर्चीत बसवायचं, कानाला हेडफोन द्यायचा आणि कॉम्प्युटरमधून एकेक सूर बारीक करत सोडायचा. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. पहिलं मी दादाला बसवलं. तुमच्यामागं दुकान तोच चालवतो. वर्षभरापासून तो फोनवर ओरडून बोलतो, आणि गळती शोधताना कान लावत नाही, सरळ पाण्यात बुडवतो. ते बघूनच मी त्याला बोलावलं होतं. तपासणीत वरच्या चिरक्या सुरांना त्यानं बटण दाबलंच नाही. निकाल सांगितला तर हेडफोन काढून टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुझं मशीनच एवढं केकाटतंय, त्यात मला काय डोंबल ऐकू येणार? आधी ह्याचं तोंड बंद कर." तो हसत होता. मला हसू आलं नाही, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्या मशीनच्या पंख्याचा सूर आणि तपासणीतले वरचे सूर शेजारीशेजारीच होते. असला निकाल मी दुसऱ्या कुणाचा मान्य केला नसता, मग सख्ख्या भावाचा का करायचा? मशीन शांत झालं तर परत बसशील का, असं विचारलं. बसेन म्हणाला, शब्द दिला. मला ते जमणार नाही, अशी त्याची खात्री होती.

म्हणून अण्णा, दोन महिने मी एका पंख्याच्या मागं होते. कॉम्प्युटर खोलीबाहेर ठेवता येईना, बाहेर दवाखान्याचा व्हरांडा आणि सगळ्यांच्या चपला. लॅपटॉपचा पंखा तर त्याहून चिरका. शेवटी कॉम्प्युटरचं एक लहान रिकामं कॅबिनेट घेतलं, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं, आणि आतलं सगळं स्वतः जोडायचं ठरवलं. प्रोसेसर म्हणजे त्याचं इंजिन, कामाला लागला की तापतो. त्याच्या डोक्यावर कूलर बसवतात, आणि तो बघून तुम्ही नक्की हसला असता, कारण तो रेडिएटरच आहे, तळहाताएवढा: तांब्याच्या नळ्या, त्यांच्यावर ओवलेल्या पातळ पात्या, वर पंखा. आईला सांगितलं, कूलर मागवतेय, तर ती म्हणाली, त्या खोलीला खिडकी तरी हाय का, गारवा कुठनं यायचा. प्रोसेसरबरोबर जो फुकट मिळतो त्याचा पंखा लहान, त्यामुळं त्याला जोरात पळावं लागतं. केकाटणं तिथूनच सुरू होतं. मनोऱ्यासारखे उंच कूलर शांत असतात, पण माझ्या कॅबिनेटचं झाकण लागलं नसतं. सोलापूरचा दुकानदार पाण्यावर चालणारा आणि रंगीत दिव्यांचा घ्या म्हणत होता. पण त्याचा पंप वाजतो, आणि पाणी कुठून कुठून गळतं हे रेडिएटरवाल्याच्या मुलीला सांगायला नको. मला बसका हवा होता, आणि पंखा रुंद. रुंद पंखा सावकाश फिरला तरी तेवढीच हवा देतो. आत सत्तर मिलिमीटर जागा होती, मी सदुसष्ट मिलिमीटर उंचीचा निवडला. स्टीलच्या पट्टीनं चार वेळा मोजलं. कुरिअरनं आला तेव्हा एका कडेच्या सात-आठ पात्या वाकलेल्या होत्या. बदलून मिळाला असता. मी ड्रॉवरमधून तुमचं पातं काढलं.

बसवला, झाकण लावलं, चालू केला. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग घूं सुरू झालं. तापमान वाढत होतं आणि पंखा त्याच्यामागं पळत होता. खोक्यावर छापलेला आवाजाचा आकडा वाचून मी निवड केली होती. तो आकडा मोकळ्या टेबलावरचा असतो, झाकणाच्या आतला नाही, हे मला सुचलं नव्हतं. त्या गोधड्यांच्या खोलीत मी रडले. आणि तिथंच मला तुळजापूरच्या घाटात तापणारा तो ट्रक आठवला. मालक म्हणतोय, मोठा पंखा टाका. तुम्ही बॉनेट उघडून नुसते बघताय. मग देवासमोरची उदबत्ती आणून पंख्याच्या कडेला धरताय, आणि धूर पुढं जायच्या ऐवजी कडेनं वळून परत पंख्यात शिरतोय. "पंखा कमी न्हाय," तुम्ही म्हणताय, "आपलीच टाकलेली गरम हवा परत खातोय." तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तुम्ही पंख्याभोवती कडं बसवलंत आणि तो ट्रक परत तापला नाही. मी उदबत्ती आणली. झाकणाच्या जाळीवर धरली तर धूर आत ओढला जाईना, वरच रेंगाळत राहिला. ज्या तीन मिलिमीटरच्या फटीचा मला अभिमान होता, तिच्यातून माझा पंखाही आपलीच गरम हवा खात होता. दाराच्या फटीला लावायच्या फोमच्या पट्टीचं मी कडं केलं, पंख्याच्या काठापासून झाकणापर्यंत. उदबत्तीचा धूर सरळ आत गेला. तापमान खाली आलं, पंख्याचा वेग निम्मा केला तरी खालीच राहिलं. मग आवाज रीतसर मोजला. कान चिकटवला तरच हवेची हालचाल कळत होती.

रविवारी दुपारी दवाखाना बंद असताना दादा आला. मशीन चालू कर की, म्हणाला. चालूच आहे, म्हटलं. त्यानं वाकून बघितलं, कॅबिनेटवर हात ठेवला, मग खुर्चीत बसला. खालचे सूर त्यानं झटझट पकडले. मग मी वर गेले. सूर सोडला. त्याचा अंगठा बटणावर, डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. ऐकायची एवढी इच्छा मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. एक पायरी मोठा केला. अजून एक. खोली इतकी शांत होती की मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि तेव्हा मी काय केलं, ते फक्त तुम्हालाच सांगते. मी हळूच वाकून कॅबिनेटला कान लावला. तो पंखा वाजत असू दे, असं मला वाटत होतं. दोन महिने ज्याला गप्प करायला धडपडले त्यानं एकदा केकाटावं, म्हणजे दादाला उठवून सांगता येईल, आज राहू दे, परत कधी बघू. तो वाजत नव्हता.

दादानं डोळे उघडले. "सोडलास का सूर?"

"सोडला."

"कितींदा?"

"सहा वेळा."

त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "अण्णांचंबी असंच होतं का?" तुम्हाला दिलेला शब्द मी तिथं मोडला. सगळं सांगितलं, ती फुस्स, ते रविवार, बोट दाखवणं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. "मला सांगायचं होतंस," म्हणाला. "मी मागं उभा ऱ्हायलो असतो."

मी त्याच्या मांडीवरचा हेडफोन उचलून टेबलावर ठेवला. शिकल्यामुळं मला एवढं कळतं की आवाजात काम करणाऱ्याच्या कानातून फुस्ससारखे चिरके आवाज आधी जातात, हॉर्नसारखा मोठा जाडा आवाज फार नंतर. म्हणजे तो तुम्हाला ऐकू आलाही असेल. पण कुणीकडून आला, किती जवळून आला, हे कळायला दोन्ही कान चांगले लागतात. याच्यापुढं माझं शिक्षण जात नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले, तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटेना. शेवटी मीच उलटली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझं बोलणंच नको झालंय त्यांला." एवढं बोलून परत थापायला लागली, पण त्या रात्रीच्या सगळ्या भाकरी वेड्यावाकड्या झाल्या. अकरा वर्षं ती हे मनात घेऊन तुमच्या फोटोला हार घालत होती, आणि मी शेजारी बसून जेवत होते. डायवर लोकांपासून लपवायचं ते मी तिच्यापासूनही लपवलं. तुम्ही गेल्यानंतर तरी सांगायचं होतं. तेव्हा त्याला शब्द पाळणं म्हणत होते. आता वाटतं, मला फक्त भीती वाटत होती.

दादा आता पत्रा ठोकताना कानांवर झाकणं लावतो. डायवर हसतात, तो त्यांना माझ्या खोलीचा पत्ता देतो. या आठवड्यात चौघं आले.

तर परवानगीचं. तो हौद तुम्ही स्वतः बांधला होता, काठावरच्या सिमेंटमध्ये माझ्या लहानपणीच्या पावलाचा ठसा होता. पण त्यावर काम करणाऱ्याची पाठ रस्त्याकडं होते. तो तिथून हलवू का, असं तुम्हाला विचारायचं होतं. हा कागद त्या पात्याशेजारी ड्रॉवरमध्येच राहणार, तिथं खोटं कशाला लिहू: विचारायला मी उशिराच बसले. गेल्या रविवारी दादानं घणानं हौद फोडला, मी घमेल्यानं विटा उचलल्या, आई दुकानाच्या दारात उभी होती. नवा हौद असा बांधलाय की माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो, आणि मान वर केली की त्याला समोर रस्ता दिसतो.