जर्मनीला निघण्याआधीचे सत्कार

२ जून, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. जर्मनीत गेल्यावर वेळ मिळणार नाही. बायको मीना तिकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागून आठ महिने झाले. आता मी, समृद्धी (सहावी) आणि वैदेही (दुसरी) जाणार. पोरींना परीक्षा नाही. नवऱ्याला मात्र जर्मन भाषेची पहिली परीक्षा पास व्हावी लागते, त्याशिवाय व्हिसा नाही, असं एजन्सीच्या मॅडम म्हणतात. तारीख १९ जुलै, पुणे. परतुरात वीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवतोय. परीक्षा हा आपला धंदाच आहे. रोज दोन तास ऑनलाइन क्लास. निश्चय पक्का.

३ जून
क्लास बुडाला. मित्रमंडळाने सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फेटा. आपला भागवत जर्मनीचा कारभार पाहायला चालला, असं सर्जेराव भाषणात म्हणाला. मी दुरुस्ती केली नाही. बोलणाऱ्याला मधेच तोडू नये.

७ जून
घरात विदेशी शिस्त लागू. रात्रीचं जेवण काट्याचमच्याने. वैदेहीने भाकरीत काटा रोवला, भाकरी उडून आईच्या मांडीवर. आई म्हणाली, अरे भागवता, हात काय मोडले का लेकरांचे? टोचून टोचून काय खाऊन राह्यले?
शिस्त तूर्त स्थगित. कुटुंबाची मानसिक तयारी कमी पडते.

१५ जून
सत्कार क्रमांक चार. केदारखेडा, सासुरवाडी. सासरे अप्पाराव यांनी भरसभेत माइक हातात घेऊन विचारलं, जावईबापू, ते परीक्षेचं झालं का बराबर? मी म्हणालो, तयारी जोरात. टाळ्या पडल्या. सासऱ्यांनी वाजवल्या नाहीत. वय झालंय त्यांचं.

२२ जून
नवी पद्धत काढली. लॅपटॉपवर क्लास चालू ठेवायचा, कॅमेरा बंद, आणि सत्काराला जायचं. हजेरी लागते. लॅपटॉपवर लक्ष ठेवायला समृद्धीला बसवतो.
मीनाचा फोन. अहो, अभ्यास कुठवर आला? मी म्हणालो, सत्कार सहा झाले. ती म्हणाली, मी ते इचारलंच न्हाई.

५ जुलै
कुंभार पिंपळगावला बहिणीकडे. शाल अकरावी. दैवशालाने सगळ्यांसमोर विचारलं, दादा, पाण्याला काय म्हणतेत तिकडं? मी म्हणालो, पाणी सगळीकडं पाणीच असतं, ताई. लोक गंभीर झाले. मागून समृद्धीने खरा शब्द सांगितला. मग चहा, साखर, चमचा यांचेही शब्द सांगितले. कुणी विचारले नव्हते. मोठ्यांत बोलू नये, हे तिला परतताना जीपमध्ये समजावलं.

१९ जुलै, पुणे
पेपर सबंध जर्मनमध्ये होता. सूचनासुद्धा. निदान तेवढ्या तरी इंग्रजीत द्यायला हव्या होत्या. तोंडी परीक्षेत परीक्षक मॅडमनी बहुतेक घरच्यांविषयी विचारलं. मी दोन मिनिटं हसतमुख राहिलो. पर्सनॅलिटीचा परिणाम झाला असावा.

२ ऑगस्ट
निकाल आला. पास व्हायला साठ लागतात. एकतीस पडले. पहिल्याच झटक्यात निम्म्यावर गेलो, हे कुणी लक्षात घेत नाही.
पोरींचा व्हिसा आला. माझा नाही. मीनाला म्हणालो, पेपर लई कडक होता. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, इथली शाळा पुढच्या महिन्यात सुरू होती. मी येऊन पोरींना घेऊन जाते. तुम्ही बसा शाली घेत.

२६ ऑगस्ट
मीना चार दिवसांच्या रजेवर आली. बापाच्या संमतीच्या कागदावर मी सही केली. सही झोकदार आली. तीन प्रती होत्या, तिन्हींवर झोकदार.

२८ ऑगस्ट
परतूर स्टेशन. मुंबईची गाडी. वैदेहीने विचारलं, पप्पा, तुमचं तिकीट कुठंय? मी म्हणालो, मी मागच्या गाडीनं येतो. मीना खिडकीतून म्हणाली, या. पण जल्दी या. ही झोपेतसुद्धा तुम्हाला हाका मारती.
गाडी वेळेवर सुटली. वर्षातून एकदा अशी सुटते, ती नेमकी आज.

१२ सप्टेंबर
दोन सत्कार नाकारले. क्लासला स्वतः बसलो, कॅमेरा चालू. बाकी सगळ्या विशीतल्या नर्सा. आजचा धडा, आपलं कुटुंब. तीन वाक्यं लिहायची होती. डिक्शनरी घेऊन तासभर बसलो.
माझी बायको जर्मनीत राहते. माझ्या दोन मुली जर्मनीत राहतात. मी परतूरला राहतो.
सर खूश. म्हणाले, शाब्बास भागवतजी, एकही चूक नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचा.
वाचलं.